ओहोटीला ठरलेला बाप्तिस्मा

आले बाई परत ते पक्षी. सून गॅलरीतून ओरडली, "आई, बघायला तरी या, किती आलेत!" मी आतूनच म्हटलं, आले असतील, दरवर्षी येतात, मी काय आमंत्रण धाडलं होतं? पण मग गेलेच. आधी पलंगाच्या कडेला हात, मग भिंतीला, मग फ्रिजला, मग गॅलरीच्या दाराला. हल्ली मी घरात चालते म्हणजे घरच मला हातोहात पुढे देतं. आमची सोसायटी नवी मुंबईत, सीवूड्सला, खाडीच्या अंगाची. पूर्वी गॅलरीतून सगळी खाडी दिसायची, आता दोन टॉवरच्या मधून तिचा एक तुकडा दिसतो. त्या तुकड्यात चिखल, आणि चिखलावर त्या पक्ष्यांची एक फिकट गुलाबी रेघ. ओल्या फडक्यानं पाटी पुसावी आणि खडूचा रंग तरी मागे राहावा, तशी.

"छान ना?" सून म्हणाली.

"छान," मी म्हटलं आणि तिथल्या खुर्चीत बसले. ओहोटी होती. खाडीचा चिखल दिसला की मला अक्का आठवतात.

हे दिवसच तसे. लिफ्टमध्ये पोरं पुस्तकात नाक खुपसून उभी, आपण कितव्या मजल्यावर उतरायचं तेही त्यांना कळत नाही. तुर्भ्याच्या बाजूनं वारा आला तर मार्केटातल्या आंब्याच्या पेट्यांचा वास येतो, आणि त्यात ट्रकच्या धुराचा. दुपारी वॉचमन केबिनच्या सावलीत खुर्ची सरकवत सरकवत जातो. आणि आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांत, उपवासकाळ, उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, ईस्टर, बाप्तिस्म्याचा वर्ग, असं सगळं एकापाठोपाठ. इतरांना या दिवसांत पोरांच्या परीक्षा आठवतात. मला स्पंजच्या पाण्याचा वास आठवतो. कोमट पाणी, त्यात थोडं डेटॉल, आणि अक्कांच्या अंगाची पावडर.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, रत्नमाला अक्का. यांच्या सगळ्यात मोठ्या बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आमच्या नगरकडच्या गावात देवळाचं सगळं त्याच बघायच्या. देऊळ म्हणजे आमचं चर्च हो, आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं त्याला देऊळच म्हणतो. घंटा अक्का वाजवणार, झाडलोट अक्का करणार, बायकांना अक्षरं अक्का शिकवणार, कुणाच्या घरी मयत झालं तर पहिला चहा अक्का नेणार. हंगामाच्या सणाला लोक देवळात भोपळे, कोंबड्या, धान्याच्या पाट्या आणून ठेवतात आणि त्यांचा लिलाव होतो, तर तो लिलावही अक्काच पुकारायच्या. आवाज असा, की कोंबड्या गप्प बसायच्या.

त्या अक्का बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही उभा राहिना. गावात कोण बघणार? मग हे जाऊन त्यांना आमच्याकडे घेऊन आले. आतल्या खोलीत पलंग, पलंगाखाली भांडं, उशाशी जुनं बायबल आणि एक स्टीलचा पेला. काही लागलं की त्या चमच्यानं पेला वाजवायच्या. देवळाची घंटा गेली, पेला राहिला.

मी तेव्हा साठी ओलांडलेली. हे न्हावा शेवाच्या यार्डातून रिटायर झालेले, बोलणं कमी, गोळ्या जास्त. मी शाळा अर्धवट सोडलेली बाई. जे काही शिकले ते बायबल वाचून वाचून, आणि बाकीचं माणसं वाचून. पण मंडळीत मला मान होता. तुर्भ्याला एका दुकानाच्या वरचा गाळा भाड्यानं घेतलेला, तिथं रविवारी उपासना. सतरंज्या मी घालणार, चहा मी करणार, प्रभुभोजनाच्या विधीचे पेले मी धुणार. आणि बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा वर्ग बुधवारी दुपारी माझ्याच घरी, हॉलमध्ये. आमच्या या मंडळीत बाप्तिस्मा मोठेपणी. समजून उमजून, स्वतःच्या तोंडानं कबूल करून, आणि पूर्ण पाण्याखाली जाऊन. त्याआधी आमचा विश्वास काय आहे तो नीट शिकवायचा असतो. पास्टर अमोल तरणाबांड मुलगा, बायबल कॉलेज केलेला. पण तो म्हणायचा, "शालनताई, तुम्ही शिकवलं की लोकांच्या लक्षात राहतं. मी शिकवलं की लोक लिहून घेतात."

म्हणजे बघा, सकाळी अक्कांचं भांडं, स्पंज, पेज. मग यांचा डबा नाही पण जेवण तर असतंच. मग वर्गाची तयारी, संध्याकाळी प्रार्थनासभा. मी दमले होते. झोपून उठलं की जाते ती दमणूक नव्हे ही. सकाळी डोळे उघडले की आपल्या आधी उठून बसलेली असते, ती. माझा विश्वास कुठं गेला नव्हता. पण तोही माझ्यासारखाच झाला होता, पाय ओढत चालणारा.

एका सकाळी मी अक्कांची पाठ पुसत होते. पाठीला जखम होऊ नये म्हणून रोज कूस बदलावी लागायची. भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "शालन, एक इचारू?"

"विचारा की."

"मी आता कशाच्याच कामाची नाही. गुडघे टेकता येत नाहीत, गाणं म्हणायला दम पुरत नाही, द्यायला हातात काही नाही. असल्या बाईला देव घेईल का गं?"

मला उत्तर येत होतं. रोजचंच होतं ते. मी लगेच म्हटलं, "अक्का, आपलं तारण आपल्या कामानं होत नाही. कृपेनं होतं, विश्वासानं. येशूनं वधस्तंभावर सगळं पुरं केलंय."

भिंतीकडूनच उत्तर आलं. "ते मला ठाऊक आहे. ते मीच जन्मभर बायांना शिकवलं. मी माहितीचं नाही इचारत."

मी टॉवेल पिळला. दुसरं काय करणार? माहितीशिवाय माझ्याकडे काही नव्हतं.

तेव्हापासून तो प्रश्न आमच्या घरात राहायला आला. पेला वाजला की मला वाटायचं, तोच वाजतोय.

वर्गात त्या वर्षी चौघं होती. त्यातली दोघं, रेखा आणि दिलीप, नवराबायको, तुर्भ्याला एकाच कंपनीत कामाला. दोघंही ख्रिस्ती घरातलीच, पण नावापुरती राहिलेली. दोघी कॉलेजच्या मुली होत्या, त्या फार बोलायच्या नाहीत, बिस्किटं मात्र संपवायच्या. आतल्या खोलीचं दार अक्का उघडंच ठेवायला लावायच्या. म्हणजे वर्ग मी घ्यायची आणि परीक्षा अक्का.

पहिल्याच बुधवारी पास्टर अमोल स्वतः आला होता. आत डोकावून म्हणाला, "प्रेज द लॉर्ड, अक्का."

"सलाम बाबा, सलाम. तू का तो बुडवणारा?"

तो हसला. "हो अक्का. तुमच्याकडे लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडतात ना?"

"शिंपडतात तर. आणि सरकारपण आता तुषार सिंचनच करा म्हणतंय. कमी पाण्यात पीक येतं."

हे पेपर वाचता वाचता इतके हसले, की चष्मा खाली पडला. कितीतरी दिवसांनी हसले होते.

मला मोठमोठे शब्द येत नाहीत. पापाबद्दल सांगायचं तर मी हॉलच्या भिंतीकडे बोट दाखवलं. आमच्या वरच्या फ्लॅटची पाइपलाइन गळते, त्याची ओल दरवर्षी भिंतीवर येते. दरवर्षी आम्ही रंग मारतो. पहिले काही महिने भिंत अशी, की पाहुण्यांनी बघत राहावं. मग तोच डाग, त्याच जागी, हातपाय पसरून. मी म्हटलं, "माणूस वाईट वागतो म्हणून पापी होत नाही बाळांनो. आत ओल आहे, म्हणून बाहेर डाग येतो. आणि आपण जन्मभर रंगच मारत बसतो."

"मग पाइप कोण बदलणार?" रेखानं विचारलं.

"सोसायटीचा सेक्रेटरी तर नाहीच," आतून अक्का.

रेखाच मग म्हणाली, एकच देव आणि तरी पिता, पुत्र, पवित्र आत्मा, हे कसं? मी म्हटलं, हे मला समजावून सांगता येत नाही, मी फक्त मानते. पोळी, पीठ, पाणी असलं काहीतरी सांगून तुला गप्प करता येईल, पण ते खरं नसेल. माझ्या डोक्यात मावेल एवढाच देव असता, तर या दमलेल्या डोक्याचं काय झालं असतं? आतून पेला वाजला नाही. म्हणजे अक्कांना पटलं.

येशू आपल्या जागी मेला, हे मात्र दिलीपनं मलाच समजावलं. तो कंपनीत आधी बदली कामगार होता. कुणी आलं नाही की त्याच्या जागी उभं राहायचं, त्याचं मशीन, त्याची धूळ, त्याच्या वाटची शिवी. तो विचार करकरून म्हणाला, "म्हणजे ताई, माझ्या जागी तो बदलीवर गेला. जे माझ्या वाटचं होतं ते त्याच्या अंगावर आलं."

"हो रे बाबा," मी म्हटलं. इतकी वर्षं मी हे सांगत होते, पण शिवीपर्यंत कधी पोचले नव्हते.

"आणि परत आला!" आतून आवाज आला. "तिसऱ्या दिवशी. बदलीवर गेलेला जिवंत परत आला, ते सांग. अर्ध्यावर सोडू नको गं शालन."

आणि तो पुन्हा येणार, मेलेले उठतील, नवं शरीर मिळेल, हे सांगायला लागले त्या दिवशी अक्कांनी चमच्यानं पेला वाजवला. मग म्हणाल्या, "यायचं तर लवकर ये म्हणावं. ह्या खुब्याची जागा नव्या शरीरात मला आधी बघायची आहे." मुली हसल्या. मी नाही हसले. मला त्या आवाजातली घाई ऐकू आली.

कृपेचा धडा ज्या बुधवारी होता, त्या दिवशी मी काय केलं ते ऐका. "तारण ही देणगी आहे," असं म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. परत येऊन म्हटलं, "आपण काही करून ते मिळवू शकत नाही," आणि चहा उतू जाईल म्हणून उठले. मग कुणाला पाणी हवं म्हणून, मग दार वाजलं म्हणून. शेवटी धापा टाकत बसले आणि म्हणाले, "तर काय सांगत होते, देवानं आपल्याला विसावा दिलाय."

आतून अक्का इतक्या स्पष्ट म्हणाल्या, की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. "ते बसलेल्या बाईनं सांगायचं असतं गं."

मी रागावले. खोटं का सांगू? वर्ग संपल्यावर आत जाऊन म्हटलं, "अक्का, मी बसले तर तुमचं कोण करणार?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड असं झालं त्यांचं, की मला त्यांचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. कशाच्याच कामाची नसलेली बाई. माझ्या एका वाक्यानं मी तिला सांगून टाकलं होतं, की तू कुणाच्या तरी जिवावर आलेलं काम आहेस.

उत्तम शुक्रवारी आम्ही गाळ्यात दुपारभर बसतो. पंखे जुने, वरून पत्रा तापलेला, खाली रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न. वधस्तंभाच्या गोष्टी ऐकताना बायका पदरानं डोळे पुसतात आणि त्याच पदरानं घाम. मी त्या वर्षी घरीच राहिले, अक्कांपाशी. त्यांनी मला बायबलमधला तो भाग वाचायला लावला. "पूर्ण झालं" असं जिथं येतं तिथं त्या म्हणाल्या, "थांब. परत वाच." मी परत वाचलं. "काय पूर्ण झालं असंल गं?" त्या म्हणाल्या. मला वाटलं, मलाच विचारतायत. पण त्या छताकडे बघत होत्या.

आता बाप्तिस्म्याचं सांगते. आधीच्या वर्षी आम्ही गाळ्यातच मोठा प्लॅस्टिकचा हौद आणून बाप्तिस्मे दिले होते. हौद गळला. खाली गाद्यांचं दुकान. त्या गादीवाल्यानं जो काही दंगा केला, तो मी सांगत नाही, पण त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. म्हणून या वर्षी पास्टर अमोल म्हणाला, "खाडीवर जाऊ. जुन्या जेट्टीपाशी. मोकळं पाणी, मोकळं आकाश." सगळ्यांना आवडलं. ईस्टरनंतरचा रविवार ठरला. उपासना आटपायची, आणि तिथून सरळ जेट्टीवर.

आता आमची मंडळी कोण? पास्टर जालन्याकडचा, दिलीप-रेखा बीडची, आम्ही नगरचे. सगळी कोरड्या मुलखाची माणसं. आमच्याकडे नदीला पाणी असतं किंवा नसतं. असलं तर दिवसभर असतं. समुद्राचं पाणी घरी जातं आणि परत येतं, हे आम्हाला माहीत होतं हो, नव्हतं असं नाही. भरती-ओहोटी पुस्तकात शिकलेले होतो. पण उपासनेची वेळ ठरवताना ते पुस्तक कुणाला आठवलं नाही.

अक्का म्हणाल्या, "मी येणार."

"कशा येणार? उन्हात?"

"आजपर्यंत बुडवताना पाह्यलं नाही कधी. मरायच्या आधी एकदा बघू दे, किती धुवून निघतात ते."

दिलीपच्या ओळखीच्या माणसाची व्हॅन आणली. अक्कांना चादरीत धरून आत घेतलं, तिकडे उतरवून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, आणि खुर्ची उचलून जेट्टीवर नेली. अक्का खुर्चीत बसून असा हात हलवत चालल्या होत्या, जणू लिलावच पुकारायला निघाल्यात. मी मागून टॉवेलांची बोचकी, कोरडे कपडे, पांढऱ्या चादरी, थर्मास, पाण्याच्या बाटल्या घेऊन.

आणि जेट्टीच्या टोकाला जाऊन बघतो, तर पाणी नाही.

नाही म्हणजे नाहीच. लांबवर नुसता चिखल, चकचकीत, उन्हात तवा तापावा तसा. दोन होड्या कलंडलेल्या. आणि जिथं दिलीप बुडायचा होता, बरोबर तिथं, गुलाबी पक्षी सावकाश चालत होते. मान खाली घालून, चिखलात चोच उलटी बुडवून, जेवत होते निवांत.

आम्ही सगळी पांढरे कपडे घालून, गाण्याची पुस्तकं हातात धरून उभी. पास्टर अमोलचा चेहरा बघवत नव्हता.

अक्काच म्हणाल्या, "यांचा झाला वाटतं आधीच."

जेट्टीच्या कडेला एक बाई जाळं पसरून बसली होती, तिथल्याच मूळ गावातली, खाडीवरची. ती आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती. मग म्हणाली, "पानी गेलाय. आता कंय हाय पानी?"

पास्टरनं विचारलं, "कधी येईल हो मावशी?"

"येल की दुपारच्याला. त्याला कोन आनतंय? बसा तवर."

काही जण म्हणाले, पुढच्या रविवारी करू. दिलीप म्हणाला, पुढच्या रविवारी ड्यूटी आहे. मुलींची परीक्षा. मग ठरलं, थांबायचं.

मी लगेच उठले. सवयच ती. कुणाला पाणी दे, कुणाला बिस्किट, चादर बांधून सावली कर, टॉवेल मोज, कुणाच्या मागे कोण उतरणार ते सांग. पाणी यायला मी काही करू शकत नव्हते, म्हणून बाकी सगळं करत होते. अक्कांच्या खुर्चीवरून तिसऱ्यांदा की चौथ्यांदा जायला लागले, तेव्हा त्यांनी माझा पदर धरला.

"बस."

"अक्का, ते टॉवेल..."

"टॉवेल पळून जातायत का? बस म्हटलं ना."

पदर सोडेनात. त्या बोटांत अजून घंटेच्या दोरीची ताकद होती. मी खुर्चीपाशी खाली बसले, जेट्टीच्या दगडावर. दगड तापलेला, पण चादरीची सावली होती. खाडीवरून वारा येत होता, चिखलाचा, माशांचा, मिठाचा वास. कुणीतरी हळू आवाजात गाणं धरलं. मी म्हटलं, जरा टेकते. डोकं अक्कांच्या मांडीला लागलं, चांगल्या पायाच्या बाजूला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. पावडरीचा वास आला.

एवढंच मला आठवतं.

कारण मी झोपले. वर्गभर ज्यांना शिकवलं, ज्यांच्यासाठी चादरी धुतल्या, इस्त्री केल्या, त्यांचा बाप्तिस्मा व्हायच्या वेळी मी तोंड उघडं टाकून झोपले होते. पाणी आलं. पक्षी उडाले. पास्टर कमरेइतक्या पाण्यात उतरला. दिलीपनं मोठ्या आवाजात कबूल केलं, की येशू माझा प्रभू आहे. रेखा पाण्यातून वर आली ती रडत. मुली खोकत खोकत वर आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गाणी म्हटली. मला काही म्हणजे काही कळलं नाही. हे मला नंतर सगळ्यांनी सांगितलेलं.

जाग आली तेव्हा समोर पाणीच पाणी. जेट्टीच्या दगडाला लागून डुबुक डुबुक करत होतं, जणू कुठं गेलंच नव्हतं. रेखा ओले केस पुसत होती, आणि टॉवेल तिला दुसऱ्याच कुणीतरी दिला होता. चादरी पिळून वाळत घातलेल्या. थर्मास रिकामा. मी धडपडून उठले.

"अगं बाई! अक्का, मला उठवायचं नाही का? झालं?"

"झालं," अक्का म्हणाल्या. "सगळं झालं. तुझ्यावाचून झालं."

मला वाटलं टोमणा आहे. तसाच होता तो. पण त्यांचे डोळे टोमण्याचे नव्हते. त्या उजवा हात डाव्या हातानं चोळत होत्या, बोटं उघडत मिटत.

"काय झालं हाताला?"

"मुंग्या आल्यात."

"मग काढायचा ना हात!"

"काढला आसता तर तू उठली आसतीस."

बस, इतकंच बोलणं. मग खुर्ची उचला, व्हॅन बोलवा, ओले कपडे पिशवीत भरा. पास्टर अमोल माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही दमला होतात." मी त्याला म्हटलं, "पास्टर, पुढच्या वेळी आधी पाण्याला विचारा." तो लाजला, आणि मग आम्ही दोघं हसलो.

व्हॅनमध्ये अक्का माझ्या शेजारी, चादरीत गुंडाळलेल्या. बाहेर पाम बीच रोड, गाड्या सुसाट. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, झोप लागली. तर हळूच म्हणाल्या, "शालन."

"हं."

"तू झोपली होतीस ना, तेव्हा तू काहीच कामाची नव्हतीस बघ. लाळ गळत होती तुझी. माझं लुगडं भिजवलंस."

"बरं, आता सगळ्यांना सांगा."

"अगं ऐक. मला हात काढावासाच वाटला नाही." मग म्हणाल्या, "देवाच्या हातालापण मुंग्या येत आसतील का गं?"

मी वर्ग घेणारी बाई. मला तारण ठाऊक, कृपा ठाऊक, पुनरुत्थान, नवा जन्म, दुसरं येणं, सगळं ठाऊक. या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. पण त्या उत्तर मागतच नव्हत्या. त्यांना मिळालं होतं. खिडकीबाहेर बघत त्या गालातल्या गालात हसत होत्या, आणि हात चोळत होत्या.

त्यानंतर त्यांनी तो पहिला प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. पेला वाजवायच्या, पण पाण्यासाठी. आंबे उतरत आले तेव्हा अक्का गेल्या, दुपारी, पेज अर्धी राहिलेली. शेवटचे दोन दिवस त्यांना बोलता येत नव्हतं. माझा हात धरून होत्या. हे म्हणायचे, "तू जरा पड, मी बसतो." कुकर लागायचा होता, कपडे भिजत पडले होते, पाहुणे यायला लागले होते. मी हलले नाही. स्वयंपाक शेजारणीनं केला, कपडे कुणी धुतले मला आजही माहीत नाही. माझ्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. काढला नाही.

आता हे पण नाहीत. वर्ग सून घेते, त्याच हॉलमध्ये, त्याच डागाच्या भिंतीपुढे. पाइप अजून तसाच. बुधवारी मी आतल्या खोलीत पडून ऐकते. चांगलं शिकवते, माझ्यापेक्षा नीट. बाप्तिस्म्याच्या आधी मोबाइलवर भरतीची वेळ बघते, हे तर फारच चांगलं. पण मधून मधून उठते. शिट्टी झाली म्हणून, बेल वाजली म्हणून. परवा मी आतून ओरडणार होते, ओठांपर्यंत आलं होतं. मग म्हटलं, राहू दे. मी तरी कुठं ऐकलं होतं सांगून?

मघाशी ती गॅलरीत आली ती चहा घेऊनच. दोरीवरचे कपडे काढायला हात उचलला मी, तर म्हणाली, "आई, राहू द्या ना, मी काढते." आणि स्वतः काढायला लागली. भराभर, चिमटे तोंडात धरून, अगदी माझ्यासारखी. डोळ्यांखाली काळं झालंय पोरीच्या. ऑफिस, घर, मंडळी, आणि घरात मी.

"इकडे ये," मी म्हटलं.

"थांबा, एवढ्या घड्या करते."

मी तिची ओढणी धरली.

"आई, काय हे?" चिमटे तोंडात, म्हणून धड हसताही येईना तिला.

"बस."

बसली ती, खाली, लादीवर. नाइलाजानं. डोकं माझ्या मांडीपाशी आलं. मी हात ठेवला. समोरच्या त्या तुकड्यात आता चिखल कमी झाला होता, कडेकडेनं पाणी चमकत होतं, आणि पक्षी एकेक पाऊल मागे सरत होते. ती काहीतरी सांगायला लागली होती, उद्याच्या डब्याचं. मध्येच थांबली. श्वास लांब झाला.

चहा गार झाला. हाताला मुंग्या यायला लागल्यात.